काकांच्या तोरण्यावरचे आकाश

वाचकाच्या पत्राचा सारांश: कोथरूडला राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका नोकरदार वाचक भगिनींचे हे पत्र आहे. पाच वर्षांपूर्वी त्यांनी कॅमेरा घेतला आणि निसर्गचित्रणाची गोडी लागली. पंधरा हौशी छायाचित्रकारांच्या एका गटात त्या आहेत. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळे कोणा एकाच्या घरी जमतात, प्रत्येक जण आपले तीन फोटो टीव्हीवर दाखवतो आणि बाकीचे त्यावर मत देतात. गटात सत्तरीला आलेले एक काका आहेत. मॅन्युअल मोडवर फोटो काढायला त्यांनीच या भगिनींना शिकवले आणि वेताळ टेकडीवर कित्येक पहाटे सोबत केली. गेल्या सप्टेंबरात गटातले काही जण सिंहगडावर गेले होते. त्या संध्याकाळी काकांनी टिपलेला तोरण्याचा फोटो पुढच्या बैठकीत टीव्हीवर आला, तेव्हा त्यात मावळतीचे लालभडक आकाश होते. प्रत्यक्षात त्या दिवशी आकाश सपाट, करडे होते. या भगिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘काका, त्या दिवशी असं आकाश नव्हतंच. हे सॉफ्टवेअरमधलं आहे आणि उजेडही चुकीच्या बाजूला, डावीकडे आलाय.’ पाठोपाठ विषारी वाटणारा हिरवा रंग, किल्ल्याच्या कडेभोवतीची पांढरी किनार, कललेले क्षितिज असे आणखी पाच-सहा दोष त्यांनी सांगितले. काका ‘बरोबर आहे’ एवढेच म्हणाले. नंतरच्या दोन्ही बैठकांना ते आले नाहीत आणि फोटो पाठवणेही त्यांनी थांबवले आहे. गटातले काही जण म्हणतात, जे खरे तेच तू बोललीस. काही म्हणतात, वयाचा तरी मान ठेवायचा. भगिनींचा प्रश्न असा आहे: ‘यापुढे प्रत्येक फोटोला नुसतं छान म्हणायचं, की खरं बोलून माणसं गमवायची? आणि जे खरं होतं त्याबद्दल माफी कशी मागायची?’

सप्रेम नमस्कार.

काकांचे ते छायाचित्र तुम्ही पत्रासोबत जोडले नाहीत, हे फार चांगले केलेत. ते त्यांचे आहे आणि त्यांना न विचारता तिसऱ्या माणसापुढे ठेवण्याचा अधिकार तुम्हाला नाही, एवढे भान तुमच्यापाशी आहे. त्यामुळे हे पत्र लिहिताना मला तुमची काळजी कमी वाटते. फोटो न पाहताही तुमचे निरीक्षण बरोबर असावे असे मी मानते. सप्टेंबरात सूर्य जवळजवळ नेमका पश्चिमेला मावळतो आणि सिंहगडावरून तोरणा दिसतो तो नैर्ऋत्येच्या बाजूला. म्हणजे तोरण्याकडे तोंड करून उभे राहिले, की मावळतीचा उजेड उजव्या हाताला यायला हवा. काकांच्या फोटोत तो डावीकडे असेल, तर ते आकाश दुसरीकडून आणलेले आहे. हे ओळखायला नजर तयार व्हावी लागते आणि तुमची ती झाली आहे.

तरीही मला वाटते, की तुमचा प्रश्न ज्या दोन पर्यायांमध्ये अडकला आहे, त्यांची मांडणीच तपासून पाहायला हवी. एका बाजूला खोटे ‘छान’ आणि दुसऱ्या बाजूला माणसे तोडणारे खरे, असे तुम्ही गृहीत धरले आहे. त्या रविवारी तुम्ही बोललात ते सगळे एकाच अर्थाने खरे होते का, हे आधी पाहू.

क्षितिज कललेले आहे, हे पडद्यावर पट्टी धरून दाखवता येते. त्यावर वाद होत नाही. किल्ल्याच्या कडेभोवतीची पांढरी किनार, जिला आपण सगळे हॅलो म्हणतो, ती कारागिरीची गोष्ट आहे. ती कशामुळे आली आणि कशी घालवायची हे सांगता येते, शिकता येते. हिरवा रंग विषारी वाटतो, हे तुमच्या डोळ्यांचे आणि तुमच्या आवडीचे मत आहे. ते प्रामाणिक आहे, पण त्याला क्षितिजाच्या कलाइतके वजन देता येणार नाही. ‘त्या दिवशी असं आकाश नव्हतंच’ हे वाक्य तर फोटोबद्दल उरतच नाही. ते काकांच्या सचोटीबद्दलचे विधान होते, आणि तेही त्या संध्याकाळी तिथे हजर असलेल्या साक्षीदाराने चारचौघांत केलेले. तुम्ही सगळे एका दमात, एकाच सुरात सांगितलेत, म्हणून ऐकणाऱ्यांनी आणि काकांनीही त्यातले सर्वांत जड वाक्य उचलले आणि बाकीचे त्याच्या पुराव्यादाखल आहे असे समजून घेतले. कललेले क्षितिज ही खरे तर एका मिनिटात सुधारण्याजोगी गोष्ट. पण त्या यादीत बसल्यावर तीही आरोप होऊन गेली.

हिरव्या रंगाबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण आपल्याकडच्या पावसाळी फोटोंवर सर्वांत जास्त मते याच रंगावरून दिली जातात. पहिली गोष्ट अशी, की तुम्ही तो फोटो कोणाच्या तरी दिवाणखान्यातल्या टीव्हीवर पाहिलात. बहुतेक टीव्हींमध्ये व्हिव्हिड नावाची एक सोय असते आणि अनेक घरांत ती कायम चालू असते. तिच्यामुळे रंग आणि उठाव दोन्ही वाढलेले दिसतात. काकांनी लॅपटॉपवर ठरवलेला हिरवा आणि तुम्हाला दिसलेला हिरवा एकच होता याची खात्री कोणी केली होती का? बैठकीपूर्वी टीव्ही सिनेमा किंवा मूव्ही मोडवर आणावा आणि गटातल्या सगळ्यांना माहीत असलेला एखादा फोटो आधी लावून पाहावा, म्हणजे पडद्याचे दोष फोटो काढणाऱ्याच्या माथी बसत नाहीत. मोबाइलवर आलेल्या फोटोचेही तसेच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, त्यात बारीक गवताचा लगदा होतो आणि आपण मात्र शार्पनेस नाही असे कळवून मोकळे होतो. फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवून घेतल्याशिवाय तपशिलाबद्दल बोलू नये, असा नियम मी स्वतःपुरता केला आहे.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते आणि निळा प्रकाश कमी पोचू लागतो. मोतीबिंदू असेल तर रंग आणखी मंद आणि तपकिरी दिसतात. चित्रकार क्लोद मोने यांच्यावर १९२३ मध्ये मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. तिच्या आधीच्या काही वर्षांतल्या त्यांच्या चित्रांमध्ये लाल-तपकिरी रंगांचा जोर स्पष्ट दिसतो. काकांच्या डोळ्यांविषयी मी काही सुचवत नाही आणि तुम्हीही त्यांना यातले काही बोलून दाखवू नये. माझे म्हणणे इतकेच आहे, की जो रंग तुम्हाला भडक वाटतो तो दुसऱ्याला बेताचा दिसत असू शकतो, आणि ‘विषारी’ हा शब्द ही शक्यता मुळीच शिल्लक ठेवत नाही.

आता आकाशाकडे येऊ, कारण तुमच्या मनातली खरी सल तीच आहे. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: ‘जे कॅमेऱ्याने पाहिलं तेच दाखवायला हवं.’ हे वाक्य वाटते तितके सोपे नाही. तुम्ही रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फाइलवर काम करता असे लिहिले आहे. ती फाइल उघडल्यावर किती मलूल दिसते, हे तुम्हाला माहीत आहे. तिला रूप द्यावेच लागते. जेपेगवर, म्हणजे कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेल्या फाइलवर, फोटो काढणाऱ्याला वाटते की आपण एडिटिंग करत नाही. प्रत्यक्षात कॅमेरा बनवणाऱ्यांनी ठरवलेले एडिटिंग त्याच्या नकळत झालेले असते. हल्लीचे मोबाइल तर एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन त्या जोडतात. आणि हे काही संगणकाबरोबर आलेले नाही. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचा जो प्रसिद्ध फोटो काढला, त्याच्या सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात फिकट ढगांच्या रेघा दिसतात, तर त्यांनीच पुढे काढलेल्या प्रिंटमध्ये ते आकाश जवळजवळ काळे आहे. निगेटिव्ह तीच. तरुणपणी ते पियानो शिकले होते आणि निगेटिव्हला स्वरलिपी, तर प्रिंटला वादन मानत असत. बंदिश तीच असून गायकागणिक आणि वयागणिक ती वेगळी होते, हे सवाई गंधर्व महोत्सवाला रात्री जागवलेल्या पुणेकरांना निराळे समजावून सांगायला नको.

आहे ते आकाश गडद करणे आणि दुसरे आकाश आणून बसवणे यांत फरक आहे, असे तुम्ही म्हणाल, आणि मी तुमच्याशी सहमत आहे. माझे मत मी स्पष्टच सांगते. एखाद्या ठिकाणाचा फोटो त्या ठिकाणाचा म्हणून दाखवायचा असेल, तर बदललेले आकाश सांगूनच दाखवावे. छायाचित्र स्पर्धांमध्येही नेचर विभागात चित्रातले काही काढणे किंवा बाहेरून काही घालणे चालत नाही, खुल्या किंवा कल्पनाप्रधान विभागांत मात्र चालते. म्हणजे तिथेही आक्षेप न सांगण्याला आहे. पण तुमच्या गटाने हा संकेत कधी ठरवला होता का? ‘या फोटोत काय काय केले?’ असे काकांना कोणी विचारले होते का? तुमच्या पत्रावरून तरी तसे दिसत नाही. फोटोशॉपमध्ये २०२० सालापासून आकाश बदलण्याची तयार सोय आहे. सत्तरीच्या एका माणसाने ती शिकून घेतली, वापरून पाहिली आणि कौतुकाने गटापुढे ठेवली, असेही असू शकते. विचारले असते तर कदाचित त्यांनी आनंदाने सगळे सांगितले असते. ते लपवत होते असे तुम्ही आधीच धरून चाललात.

इथे मला माझ्या सुरुवातीच्या दिवसांतला एक प्रसंग आठवतो. ऐन जुलैत ताम्हिणी घाटात काढलेल्या एका धबधब्याच्या फोटोची मी मोठी प्रिंट करून घेतली आणि एका ज्येष्ठ छायाचित्रकारांना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी ती खिडकीपाशी नेली, बराच वेळ पाहिली, आणि मग विचारले, ‘तिथे उभी होतीस तेव्हा कसं वाटत होतं?’ मी म्हटले, ‘थंडी वाजत होती. ओढणी भिजून गळ्याला चिकटली होती आणि पाण्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नव्हतं.’ त्यांनी प्रिंट माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, ‘मग हा फोटो इतका उबदार का आहे?’ एवढेच. मी व्हाइट बॅलन्स (रंग किती उबदार वा निळसर दिसावेत हे ठरवणारी सोय) क्लाउडीवर, म्हणजे उबदार बाजूला, ठेवला होता आणि घरी येऊन, चांगले दिसते म्हणून, पिवळेपणा आणखी वाढवला होता. ओला कातळ गुळाच्या रंगाचा झाला होता. त्या रात्री मी तो फोटो पुन्हा उघडला, निळसर बाजूला नेला, कातळाचा काळेपणा परत आणला, आणि पहिल्यांदाच मला त्यात पाऊस दिसला.

त्यांनी माझा दोष सांगितला नव्हता. मला काय हवे होते ते माझ्याच तोंडून वदवून घेतले आणि हातातली प्रिंट त्याच्या शेजारी धरली. अभिप्राय द्यायचा म्हणजे काय करायचे, हे मी त्या दिवशी शिकले. फोटो काढणाऱ्याला जे दाखवायचे होते आणि आपल्याला जे दिसले, त्यांतले अंतर त्याला पाहता आले पाहिजे. त्यासाठी त्याला काय दाखवायचे होते हे आधी माहीत असावे लागते, आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही. आपल्याला आवडते तसा फोटो त्याने काढायला हवा होता, या अपेक्षेने दिलेले मत कितीही जाणकार असले तरी त्याच्या कामी येत नाही.

प्रत्यक्षात हे कसे करावे? फोटो समोर आल्यावर पहिले अर्धे मिनिट काहीच बोलू नका. नजर कुठे गेली, तिथून कुठे वळली, कुठे अडखळली, हे स्वतःशी टिपून ठेवा. मग निर्णय न देता फक्त दिसते ते सांगा: ‘माझी नजर आधी पुढच्या गवतावर जाते आणि तिथेच राहते, किल्ल्यापर्यंत पोचायला वेळ लागतो.’ हे वाक्य आणि ‘हिरवा विषारी आहे’ हे वाक्य एकाच निरीक्षणातून निघाले आहे. पहिल्यात फोटो काढणाऱ्याला काहीतरी करता येते, दुसऱ्यात केवळ ओशाळता येते. त्यानंतर विचारा, ‘तुम्हाला गवत महत्त्वाचं होतं की तोरणा?’ उत्तर गवत असेल तर तुमचा आक्षेपच राहत नाही. उत्तर तोरणा असेल तर आता उपाय सांगायला जागा आहे.

उपाय सांगताना तो कारणासकट सांगावा, कारण कारण कळले की पुढच्या दहा फोटोंत त्याचा उपयोग होतो. पावसाळ्यातल्या सह्याद्रीचे गवत आपल्याला हिरवे वाटते, पण फाइलमध्ये त्यात पिवळ्याचा अंश बराच असतो. म्हणून हिरव्याचा स्लायडर कितीही खाली आणला तरी भडकपणा जात नाही आणि पिवळ्याचा थोडा कमी केला की गवत लगेच शांत होते. किल्ल्याच्या कडेची पांढरी किनार बहुधा क्लॅरिटी किंवा डीहेझ हे उठाव वाढवणारे स्लायडर जास्त सरकवल्याने, अतिशार्प केल्याने, किंवा आकाशाचा मास्क, म्हणजे आकाशापुरती केलेली निवड, कड्याच्या रेषेवर नीट न बसल्याने येते. फोटो शंभर टक्के मोठा करून कड्यावरून एकदा नजर फिरवली की ती सापडते. आकाशात पट्टे दिसत असतील तर फाइल जेपेग होती का ते विचारावे, कारण जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर चौदा बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. मोजक्या पायऱ्या ताणल्या की त्यांच्यामधल्या फटी दिसू लागतात. निळ्या आकाशाचा एकच भाग विचित्र गडद असेल तर तो एडिटिंगचा दोष नसेलही. वाइड लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर, लावला की असे होते, कारण त्याचा परिणाम सूर्यापासून काटकोनात सर्वाधिक आणि इतरत्र कमी असतो. सगळा फोटो किंचित मऊ असेल तर एफ बावीस, म्हणजे लेन्सचे अगदी लहान छिद्र, वापरले होते का ते विचारा. सगळे स्पष्ट यावे म्हणून छिद्र इतके लहान केले की प्रकाश पसरतो आणि स्पष्टता उलट कमी होते.

ही सगळी माहिती तुमच्यापाशी आहे, हे तुमच्या पत्रावरून दिसते. म्हणूनच विनंती आहे, की एका वेळी एकच गोष्ट सांगा, फार तर दोन. नवख्या माणसाला सहा दोष सांगितले तर तो एकही सुधारत नाही. अनुभवी माणसाला सांगितले तर त्याला अपमान वाटतो. जी सुधारल्याने फोटो सर्वांत जास्त पुढे जाईल ती एक निवडणे हीच अभिप्राय देणाऱ्याची कसोटी आहे, आणि तिला वेळ लागतो. बालगंधर्व कलादालनात प्रदर्शन मांडायचे म्हणून कोणी प्रिंट घेऊन आला आणि ‘काही राहू देऊ नका, सगळं सांगा’ म्हणाला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा मागे हटू नये. तिथे गप्प राहिलो तर भिंतीवर लागल्यावर अनोळखी लोक तेच सांगतील आणि तेव्हा काहीच बदलता येणार नाही.

चांगले काय आहे तेही इतक्याच नेमकेपणाने सांगायला हवे. ‘छान’ म्हटल्याने कोणाचे मन राखले जाते असे मला वाटत नाही. ज्याने पहाटे तीनला उठून पवना धरणाच्या काठी धुक्यात ट्रायपॉड लावला, त्याला आपले काय जमले हे कळायला हवे असते. ‘तिकोन्याचा माथा धुक्यातून एवढाच वर राहू दिलात, त्यामुळे पाणी किती दूरवर पसरलं असेल हे आपोआप मनात येतं’ असे कोणी म्हटले, तर तो पुढच्या वेळी तेवढाच थांबेल. आपण पुण्याची माणसे स्पष्ट बोलण्याला गुण मानतो आणि तो आहेच. पण आपला सगळा स्पष्टपणा दोषांच्या वाट्याला येतो आणि गुणांची बोळवण एका शब्दात होते, हे मी अनेक बैठकांत पाहिले आहे.

एका बाबतीत मात्र मी सौम्य राहत नाही आणि तुम्हीही राहू नये. कासच्या पठारावर फुलांत आडवे पडून काढलेला फोटो, किंवा भिगवणला बोट अंगावर नेऊन उडवलेल्या रोहित पक्ष्यांचा फोटो समोर आला, तर रंगसंगतीची चर्चा करण्यात अर्थ नाही. तो फोटो कसा मिळाला हे विचारावे आणि चुकले असेल तर तसे सांगावे. आधी एकट्याला गाठून, पण सांगावेच.

तुमच्या गटासाठी दोन बदल सुचवते. असे गट चालवणाऱ्या इतर वाचकांनाही ते उपयोगी पडतील. पंधरा जणांचे प्रत्येकी तीन म्हणजे पंचेचाळीस फोटो एका बैठकीत पाहायचे, तर प्रत्येकाला दोन-तीन मिनिटेच मिळणार, आणि तेवढ्यात निवाडाच देता येतो, संवाद होत नाही. एकेकच फोटो घ्या, शेजारी मूळ न सुधारलेली फाइल ठेवा, आणि दाखवणाऱ्याने आरंभी तीन गोष्टी सांगाव्यात: मला काय दाखवायचे होते, मी यात काय केले, आणि मला कशावर मत हवे आहे. ‘आज नुसता बघा, मत नको’ असे म्हणण्याचीही मुभा असावी. मूळ फाइल शेजारी असली की आकाश कुठून आले हा प्रश्न कोणाला वाकडेपणाने विचारावा लागत नाही. मत ऐकणाऱ्यानेही लगेच बाजू मांडू नये. लिहून घ्यावे, रात्र जाऊ द्यावी आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी फोटो पुन्हा पाहून मग ठरवावे. फोटो त्याचा आहे, शेवटचा शब्दही त्याचाच.

आता माफीबद्दल. आकाश बदललेले होते हे तुम्ही मागे घेऊ नका. तुम्ही ते मागे घेतलेत तर काकांना तुमची कीव आल्यासारखे वाटेल, आणि ज्या माणसाने तुमची नजर घडवली त्याला तुमचे खोटे सहज कळेल. माफी मागायची ती तीन गोष्टींची आहे: न विचारता बोललात, चौदा जणांसमोर बोललात, आणि एकदा सुरुवात केल्यावर थांबला नाहीत. ‘कोणाला वाईट वाटलं असेल तर’ अशी जर-तरची माफी नको. वाईट वाटले आहे, दोन महिने झाले, माणूस आलेला नाही. आणि हे गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नका. जे चारचौघांत झाले त्याची भरपाईही चारचौघांत व्हावी असे गटातले कोणी सुचवेल. त्याची वेळ नंतर येईल, आणि यावी की नाही ते काकांना ठरवू द्या. आधी फोन करून, वेळ विचारून त्यांच्या घरी जा.

तुम्ही पत्रात फक्त ओझरते लिहिलेली एक गोष्ट मला मात्र सारखी जाणवत राहिली. त्या संध्याकाळी तुम्ही दोघेही तिथेच होतात. तुम्हीही तोरण्याचे फोटो काढले असतील. तेच करडे आकाश तुमच्याही फोटोंत असेल, आणि तुम्हालाही ते आवडले नसेल, कारण सपाट ढगाळ आकाशाला फोटोत जागा देणे कोणालाच सोपे जात नाही. माझ्या अनुभवाने अशा दिवशी आकाश एका पट्टीइतके ठेवावे, लांब लेन्सने डोंगरांच्या एकामागून एक फिकट होत जाणाऱ्या रांगा घ्याव्यात, किंवा फोटो सरळ कृष्णधवल करून पाहावा. त्या पसरलेल्या उजेडात आपल्या काळ्या कातळाचे आडवे थर फार सुंदर दिसतात. पण हे तुम्ही काकांना सांगू नका. उलट तुमचा त्या संध्याकाळचा, न जमलेला, करड्या आकाशाचा फोटो सोबत न्या आणि ‘काका, याचं मला काही करता आलं नाही’ असे म्हणून त्यांच्यापुढे ठेवा. आजवर तुम्ही त्यांच्याकडे असेच जात होतात. ते पाहतील, चष्मा वर सरकवतील, कदाचित कुठे क्रॉप करायचे तेही सांगतील. मग त्यांच्या फोटोविषयी विचारा: लाल आकाश का लावावेसे वाटले? त्या संध्याकाळी त्यांच्या मनात काय होते, जे त्या करड्या आकाशात उतरले नाही? मला उत्तर माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. त्यांना सांगायला वेळ लागला तर मध्येच बोलू नका. चहा निवला तरी चालेल.